कोनमापन

एका बिंदूपासून निघणाऱ्या दोन किरणांच्या दिशांमध्ये किती फरक आहे, हे संख्येने सांगण्याच्या क्रियेस कोनमापन असे म्हणतात. कोनाचे माप दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग साधनाचा होय: कोनमापक किंवा तत्सम उपकरण कोनावर ठेवून अंश वाचणे. दुसरा मार्ग तर्काचा होय: आकृतीतील ज्ञात कोनांवरून, भूमितीच्या सिद्ध नियमांच्या आधारे अज्ञात कोन काढणे. साधनाने मिळालेले माप नेहमी स्थूल असते. तर्काने काढलेले माप, दिलेली माहिती खरी असेल तर, पूर्णपणे अचूक असते. या दोन मार्गांतील भेद समजणे हा प्राथमिक भूमितीच्या अभ्यासाचा गाभा मानला जातो.

कोन आणि त्याचे माप

समान आरंभबिंदू असलेल्या दोन किरणांनी कोन तयार होतो. त्या बिंदूस कोनाचा शिरोबिंदू आणि किरणांस कोनाच्या भुजा म्हणतात. शिरोबिंदू ब असून भुजांवर अ व क हे बिंदू असतील, तर कोनाचे लेखन ∠अबक असे करतात. शिरोबिंदूचे अक्षर नेहमी मध्ये येते.

कोनाचे माप भुजांच्या लांबीवर अवलंबून नसते. भुजा हे किरण असल्याने ते अमर्याद असतात. कागदावर त्यांचा थोडाच भाग काढला जातो. लांब भुजांचा कोन मोठा आणि आखूड भुजांचा लहान, हा नवशिक्या विद्यार्थ्यांत आढळणारा सर्वांत सामान्य गैरसमज आहे. घड्याळाचे उदाहरण तो दूर करण्यास उपयोगी पडते. मनगटी घड्याळात आणि रेल्वे स्थानकावरील मोठ्या घड्याळात तीन वाजता काट्यांमधील कोन सारखाच, म्हणजे ९०° असतो.

मग कोन मोजताना नेमके काय मोजले जाते? शिरोबिंदू केंद्र मानून कोणतेही वर्तुळ काढले असता कोनाच्या भुजा त्या वर्तुळाचा एक कंस तोडतात. हा कंस संपूर्ण परिघाचा कितवा भाग आहे, ते गुणोत्तर म्हणजे कोनाचे माप होय. वर्तुळ लहान घेतले तर कंसही त्याच प्रमाणात लहान होतो आणि गुणोत्तर कायम राहते. त्यामुळेच तळहातावर मावणारा कोनमापक शेताच्या किंवा आकाशाच्या कोनाबद्दलही बोलू शकतो.

मापनाची एकके

संपूर्ण वर्तुळाचे ३६० समान भाग केले असता प्रत्येक भागास एक अंश (१°) म्हणतात. अंशाच्या साठाव्या भागास मिनिट (१′) आणि मिनिटाच्या साठाव्या भागास सेकंद (१″) म्हणतात. भारतीय ज्योतिषग्रंथांत हीच एकके अंश, कला आणि विकला या नावांनी येतात. बारा राशींच्या चक्रात प्रत्येक राशी ३० अंशांची असून संपूर्ण चक्राच्या २१,६०० कला होतात.

साठाच्या पटीत मोजण्याची रीत बाबिलोनी संस्कृतीतील षष्टिमान संख्यापद्धतीपासून आलेली आहे. ३६० ही संख्या आकडेमोडीस सोयीची आहे, कारण तिला २४ विभाजक आहेत. १ ते १० या संख्यांपैकी केवळ ७ ने तिला पूर्ण भाग जात नाही. वर्तुळाचे तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ किंवा दहा समान भाग केले तरी प्रत्येक कोन पूर्ण अंशांत येतो.

अंश, मिनिटे व सेकंद यांची बेरीज-वजाबाकी वेळेच्या हिशेबाप्रमाणेच करतात. उदाहरणार्थ, ९०° मधून ३५° २०′ ४०″ वजा करताना ९०° चे ८९° ५९′ ६०″ असे रूपांतर केले की उत्तर ५४° ३९′ २०″ येते.

उच्च गणितात व विज्ञानात रेडियन हे एकक वापरतात. वर्तुळाच्या त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन म्हणजे एक रेडियन होय. त्याचे माप सुमारे ५७° १७′ ४५″ असते. परिघ हा त्रिज्येच्या ‘दोन पाय’ पट असल्याने संपूर्ण वर्तुळाचे माप दोन पाय रेडियन आणि सरळ कोनाचे माप पाय रेडियन होते. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत कोनाचे अधिकृत एकक रेडियन असून अंश, मिनिट व सेकंद यांच्या वापरास मान्यता आहे.

मापानुसार कोनांचे प्रकार

मापावरून कोनांची पुढील नावे रूढ आहेत.

शून्य कोन: ०°, दोन्ही भुजा एकमेकींवर पडतात.
लघुकोन: ०° पेक्षा मोठा व ९०° पेक्षा लहान.
काटकोन: ९०°.
विशालकोन: ९०° पेक्षा मोठा व १८०° पेक्षा लहान.
सरळ कोन: १८०°, दोन्ही भुजा एका रेषेत, विरुद्ध दिशांना.
प्रविशाल कोन: १८०° पेक्षा मोठा व ३६०° पेक्षा लहान.
पूर्ण कोन: ३६०°.

दोन कोनांच्या मापांची बेरीज ९०° असल्यास ते परस्परांचे कोटिकोन आणि १८०° असल्यास परस्परांचे पूरक कोन होत. हे दोन कोन एकमेकांशेजारी असलेच पाहिजेत असे नाही.

मापनाची साधने व रीत

शालेय कंपासपेटीतील कोनमापक अर्धवर्तुळाकार असून त्यावर ० ते १८० अंशांच्या खुणा असतात. खुणांच्या दोन मालिका असतात: एक डावीकडून उजवीकडे व दुसरी उजवीकडून डावीकडे वाढत जाणारी. मापनाच्या तीन पायऱ्या आहेत. कोनमापकाचा मध्यबिंदू कोनाच्या शिरोबिंदूवर ठेवावा; शून्याची रेषा एका भुजेवर तंतोतंत जुळवावी; आणि त्या भुजेवर ज्या मालिकेचा शून्य आला असेल त्याच मालिकेवर दुसऱ्या भुजेचे वाचन करावे. भुजा आखूड असल्यास ती आधी पट्टीने वाढवून घ्यावी, त्याने माप बदलत नाही. प्रविशाल कोन मोजताना त्याच्या उरलेल्या बाजूचा कोन मोजून तो ३६०° मधून वजा करतात.

कंपासपेटीत दोन गुण्येही असतात. एकाचे कोन ३०°, ६०° व ९०°, तर दुसऱ्याचे ४५°, ४५° व ९०° असतात. दोन्ही गुण्ये शेजारी ठेवून ७५°, १०५°, १२०° हे कोन, तर एकावर एक ठेवून १५° चा कोन मिळवता येतो. गवंडीकामात काटकोन तपासण्याच्या साधनासही गुण्या म्हणतात. दोन भिंती काटकोनात असल्या की त्या ‘गुण्यात’ आहेत असा शब्दप्रयोग आहे. गुण्या मोठ्या अंतरावर उपयोगी पडत नाही. तेव्हा पाया आखताना एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजून दोन टोकांमधील अंतर ५ मीटर भरते का, हे पाहतात. ते भरले तर कोपरा काटकोनाचा असतो. ही रीत पायथागोरसच्या प्रमेयाच्या व्यत्यासावर आधारलेली आहे.

मापनातील चुका व अचूकतेची मर्यादा

कोनमापक वापरताना होणारी नेहमीची चूक म्हणजे चुकीच्या मालिकेवरील वाचन होय. त्यामुळे ६०° च्या जागी १२०° किंवा ४०° च्या जागी १४०° असे उत्तर येते. मोजण्यापूर्वी कोन लघुकोन आहे की विशालकोन, हे नजरेने ठरवून घेतल्यास ही चूक ताबडतोब लक्षात येते. शिरोबिंदू व मध्यबिंदू नीट न जुळणे, पेन्सिलीची जाड रेघ आणि खुणेकडे तिरके पाहणे, ही चुकीची इतर कारणे होत.

या सर्व चुका टाळल्या तरी साधनाची स्वतःची मर्यादा उरते. शालेय कोनमापकाने साधारणतः अर्ध्या अंशापेक्षा अधिक बारकाईने माप घेता येत नाही. कागदावर हा फरक नगण्य वाटतो, परंतु अंतर वाढले की तो मोठा होतो. दिशेत १° ची चूक झाल्यास १०० मीटर अंतरावर जागा सुमारे पावणेदोन मीटरने आणि १ किलोमीटरवर सुमारे साडेसतरा मीटरने चुकते. जमिनीच्या मोजणीत वापरले जाणारे थिओडोलाइट हे उपकरण म्हणूनच सेकंदांपर्यंत वाचन देणारे असते; एका सेकंदाच्या चुकीने १ किलोमीटरवर पडणारा फरक सुमारे ५ मिलिमीटर असतो.

कोनांची गणना: मूलभूत नियम

अज्ञात कोन काढण्याचे बहुतेक नियम थोड्याच मूळ गोष्टींवर उभे आहेत.

एका बिंदूशी व एका रेषेवर होणारे कोन. एका बिंदूभोवतीच्या सर्व कोनांची बेरीज ३६०° असते. एका रेषेवर तिच्यावरील एका बिंदूपासून किरण उभा केला, तर होणाऱ्या रेषीय जोडीतील दोन कोनांची बेरीज १८०° असते. समजा, अशा जोडीतील कोन (३क्ष + १०)° आणि (२क्ष + २०)° आहेत. तर ५क्ष + ३० = १८०, म्हणून क्ष = ३०; दोन कोन १००° व ८०° येतात.

विरुद्ध कोन. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा समोरासमोर होणारे कोन समान असतात. कारण सोपे आहे: ते दोन्ही कोन एकाच तिसऱ्या कोनाचे पूरक असतात. कात्रीची पाती जितकी उघडतात तितक्याच कोनातून तिच्या मुठीही उघडतात, हे याचे नेहमीचे उदाहरण होय.

समांतर रेषा व छेदिका. दोन समांतर रेषांना एका छेदिकेने छेदले असता संगत कोन समान असतात, व्युत्क्रम कोन समान असतात आणि छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८०° असते. या नियमांचे व्यत्यासही खरे आहेत; म्हणजे कोनांवरून रेषा समांतर आहेत की नाहीत हे ठरवता येते.

अनेकदा आकृतीत आवश्यक रेषा नसते आणि ती स्वतः काढावी लागते. समजा, दोन समांतर रेषांच्या मध्ये एक बिंदू आहे. त्या बिंदूपासून वरच्या व खालच्या रेषेपर्यंत प्रत्येकी एक रेषाखंड जातो. वरचा रेषाखंड वरच्या रेषेशी ४०° चा आणि खालचा रेषाखंड खालच्या रेषेशी ३५° चा कोन करतो, आणि हे दोन्ही कोन एकाच बाजूस उघडतात. मधल्या बिंदूशी होणारा कोन काढण्यासाठी त्या बिंदूतून दोन्ही रेषांना समांतर अशी तिसरी रेषा काढावी. ही रेषा मधल्या कोनाचे दोन भाग करते. व्युत्क्रम कोनांच्या नियमाने वरचा भाग ४०° व खालचा ३५° येतो. म्हणून मधला कोन ७५° होतो. अशी साहाय्यक रेषा सुचणे हे भूमितीतील कौशल्य सरावानेच येते.

त्रिकोणातील कोन

त्रिकोणाच्या तीन कोनांच्या मापांची बेरीज १८०° असते. हे प्रमेय शालेय पद्धतीने पुढीलप्रमाणे सिद्ध करतात.

पक्ष: अबक हा कोणताही त्रिकोण आहे.
साध्य: ∠अ + ∠ब + ∠क = १८०°.
रचना: शिरोबिंदू अ मधून बाजू बक ला समांतर रेषा डइ काढली, ड हा बिंदू अ च्या ब कडील बाजूस व इ हा क कडील बाजूस आहे.
सिद्धता: डइ व बक समांतर असून अब ही छेदिका आहे, म्हणून ∠डअब = ∠ब (व्युत्क्रम कोन). तसेच अक ही छेदिका घेतल्यास ∠इअक = ∠क (व्युत्क्रम कोन). बिंदू अ शी डइ या रेषेच्या एका बाजूस असलेले तीन कोन मिळून सरळ कोन होतो; म्हणजे ∠डअब + ∠बअक + ∠इअक = १८०°. म्हणून ∠ब + ∠अ + ∠क = १८०°.

यावरून आणखी एक नियम लगेच मिळतो: त्रिकोणाची एक बाजू वाढवून होणारा बाह्यकोन हा त्याच्या दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो.

समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरील कोन समान असतात, तर समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६०° असतो. समजा, समद्विभुज त्रिकोणाचा शिरःकोन ३६° आहे. उरलेले दोन कोन मिळून १४४° आणि म्हणून प्रत्येकी ७२° होतात. त्यांपैकी एका कोनाचा दुभाजक काढला, तर त्याचे ३६° व ३६° असे भाग होतात आणि पायाकडे होणाऱ्या लहान त्रिकोणाचे कोन पुन्हा ३६°, ७२° व ७२° येतात. मूळ त्रिकोणाचीच लहान प्रतिकृती त्याच्या पोटात मिळते. सुसम पंचकोनाच्या रचनेचे मूळ याच त्रिकोणात आहे.

बहुभुजाकृतीतील कोन

बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या एका शिरोबिंदूतून सर्व कर्ण काढले असता तिचे त्रिकोणांत विभाजन होते. बाजूंची संख्या न असल्यास (न − २) त्रिकोण होतात. म्हणून आंतरकोनांची बेरीज (न − २) × १८०° असते. चौकोनासाठी ती ३६०°, पंचकोनासाठी ५४०° व षट्कोनासाठी ७२०° येते. बाह्यकोनांची बेरीज मात्र बाजू कितीही असल्या तरी ३६०° च राहते. बहुभुजाकृतीच्या कडेने चालत निघालेला मनुष्य प्रत्येक कोपऱ्यावर बाह्यकोनाइतका वळतो, आणि मूळ जागी मूळ दिशेस तोंड करून परतेपर्यंत त्याचे एकूण वळण एक पूर्ण फेरा होते.

सुसम बहुभुजाकृतीचा प्रत्येक आंतरकोन पुढीलप्रमाणे असतो: समभुज त्रिकोण ६०°, चौरस ९०°, पंचकोन १०८°, षट्कोन १२०°, अष्टकोन १३५°. सप्तकोनाचा आंतरकोन मात्र सुमारे १२८° ३४′ १७″ येतो, कारण ३६० ला ७ ने पूर्ण भाग जात नाही.

एकाच प्रकारच्या सुसम फरश्यांनी जमीन फट न ठेवता कशी झाकता येईल, याचे उत्तरही याच मापांत आहे. एका बिंदूशी येणाऱ्या कोनांची बेरीज ३६०° व्हावी लागते. ६०°, ९०° व १२०° यांनी ३६० ला पूर्ण भाग जातो. १०८° ने जात नाही आणि षट्कोनाच्या पुढील कोणत्याही आकृतीच्या कोनाने जात नाही. म्हणून त्रिकोण, चौरस व षट्कोन या तीनच सुसम आकृती या कामी येतात. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरे षट्कोनी असतात, ती या तिघांपैकीच एक होय.

वर्तुळातील कोन

कंसाने वर्तुळकेंद्राशी केलेल्या कोनास केंद्रीय कोन आणि परिघावरील बिंदूशी केलेल्या कोनास अंतर्लिखित कोन म्हणतात. एकाच कंसाने केलेला अंतर्लिखित कोन केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. केंद्रीय कोन ११०° असेल, तर त्याच कंसाने परिघावर केलेला प्रत्येक अंतर्लिखित कोन ५५° असतो. परिघावरील बिंदू कंसाच्या समोरील भागात कुठेही घेतला तरी चालतो. सर्व त्रिज्या समान असल्याने केंद्र व परिघ यांच्यामध्ये समद्विभुज त्रिकोण तयार होतात आणि बाह्यकोनाच्या नियमाने हे प्रमेय सिद्ध होते.

यातून तीन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात. एकाच कंसातील सर्व अंतर्लिखित कोन समान असतात. अर्धवर्तुळातील अंतर्लिखित कोन काटकोन असतो. चक्रीय चौकोनाच्या संमुख कोनांची बेरीज १८०° असते. याशिवाय, स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला नेहमी लंब असते.

मोजणे आणि सिद्ध करणे

कागदाच्या त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून शेजारी ठेवले, तर त्यांचा सरळ कोन होतो असे दिसते. हा प्रयोग नियम सुचवतो, परंतु तो सिद्धता ठरत नाही. प्रत्येक कोन मोजताना अर्ध्या अंशापर्यंत चूक होऊ शकते असे धरले, तर तीन कोनांची बेरीज १७८.५° पासून १८१.५° पर्यंत काहीही येऊ शकते. बेरीज नेमकी १८०° आहे की १८०° च्या जवळपास आहे, याचा निर्णय कोनमापक करू शकत नाही. शिवाय मोजलेले त्रिकोण मोजकेच असतात आणि प्रमेय सर्व त्रिकोणांविषयी बोलते. वर्गात १७९° बेरीज आलेल्या विद्यार्थ्याने वहीत ती खोडून १८०° लिहिणे, हे त्यामुळे मापन आणि सिद्धता या दोहोंच्याही विरुद्ध जाते. मापन म्हणून १७९° ही प्रामाणिक नोंद आहे. १८०° हा आकडा सिद्धतेतून येतो.

ही सिद्धतादेखील एका गृहीतकावर उभी आहे. एका रेषेबाहेरील बिंदूतून त्या रेषेला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते, हे मान्य केले तरच वरील सिद्धता पूर्ण होते. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचा हा पर्यायी आशय आहे. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की व बोल्यॉई यांनी हे गृहीतक वगळूनही सुसंगत भूमिती उभारता येते असे दाखवले. त्या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०° पेक्षा कमी असते.

गोलाच्या पृष्ठभागावर उलट घडते. पृथ्वीवर उत्तर ध्रुवापासून ९०° अंतराने दोन रेखावृत्ते विषुववृत्तापर्यंत काढली, तर होणाऱ्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन असतात आणि त्यांची बेरीज २७०° येते. लहान त्रिकोणांत ही वाढ अत्यल्प असते: पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारे १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे १″. चाळीस किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात ती सुमारे साडेतीन सेकंद होते. वहीतल्या त्रिकोणाला तिचे काही देणेघेणे नसले, तरी देशाचा नकाशा तयार करणाऱ्यांना तिचा हिशेब ठेवावाच लागतो.

कोनांची रचना

केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने कोणत्याही कोनाचे दोन समान भाग करता येतात. ६०° चा कोन समभुज त्रिकोणाने मिळतो; त्याच्या दुभाजनाने ३०°, १५° आणि लंबाच्या साहाय्याने ९०°, ४५°, ७५° इत्यादी कोन काढता येतात. कोनाचे तीन समान भाग करण्याचा प्रश्न मात्र ग्रीक काळापासून अनुत्तरित होता. सर्वसाधारण कोनाचे असे त्रिभाजन पट्टी-कंपासाने अशक्य आहे, हे फ्रेंच गणिती प्येर वाँत्सेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केले. ६०° चे त्रिभाजन होत नाही, म्हणून २०° चा कोनही या साधनांनी अचूक काढता येत नाही. पूर्ण अंशांच्या कोनांपैकी ३ च्या पटीतील कोनच असे काढता येतात. कोनमापकावरील १° ची खूण पट्टी-कंपासाच्या आवाक्याबाहेरची आहे.

इतिहास

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात कोनांविषयीचे नियम क्रमवार सिद्ध केले. त्या ग्रंथात अंशांचा वापर नाही. काटकोन हेच तुलनेचे माप आहे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तेथे ‘दोन काटकोन’ अशी सांगितलेली आहे.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनीसने एका कोनावरून पृथ्वीचा परिघ काढला. इजिप्तमधील सायीन, म्हणजे आजचे अस्वान, येथे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्ही सूर्य डोक्यावर येई. त्याच वेळी अलेक्झांड्रिया येथे सूर्यकिरण उभ्या दिशेशी वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७° १२′ चा कोन करीत. सूर्यकिरण समांतर मानल्यास व्युत्क्रम कोनांच्या नियमाने हाच कोन पृथ्वीच्या केंद्राशी होतो. दोन शहरांतील अंतर ५,००० स्टेडिया धरून त्याने परिघ त्याच्या पन्नास पट, म्हणजे २,५०,००० स्टेडिया ठरवला.

भारतात आर्यभटाने इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात ३° ४५′ म्हणजे २२५ कलांच्या अंतराने चोवीस ज्यांची सारणी दिली. चाप म्हणजे धनुष्य व ज्या म्हणजे त्याची दोरी. वर्तुळाचा कंस व जीवा यांना ही नावे त्यावरून मिळाली. या सारणीसाठी त्रिज्या ३,४३८ कला धरलेली आहे. २१,६०० कलांच्या परिघाची त्रिज्या कलांतच मोजली असता हीच संख्या येते. आजच्या भाषेत एका रेडियनच्या जवळपास तितक्याच कला होतात. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त १८° व ३६° च्या ज्या काढण्याच्या रीती आल्या आहेत, तर ‘लीलावती’त वर्तुळात अंतर्लिखित केलेल्या तीनपासून नऊ बाजूंच्या सुसम आकृतींच्या बाजूंची मापे दिली आहेत. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या आश्रयाखाली जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या ग्रंथाचे अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने भाषांतर केले.

रेडियन ही संज्ञा बरीच अलीकडची आहे. जेम्स थॉमसन यांनी बेलफास्ट येथील परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत १८७३ मध्ये ती छापील स्वरूपात वापरली.

उपयोग

कालगणना. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६° आणि तासकाटा अर्धा अंश सरकतो. ७ वाजून २० मिनिटांनी तासकाटा १२ च्या खुणेपासून २२०° वर आणि मिनिटकाटा १२०° वर असतो. त्यांच्यातील कोन १००° होतो. पंचांगातील तिथी हेदेखील कोनमापच आहे. पृथ्वीवरून पाहता सूर्यापासून चंद्राचे कोनीय अंतर १२° ने वाढले की एक तिथी पूर्ण होते. अमावास्येच्या अखेरीस हे अंतर ०° व पौर्णिमेच्या अखेरीस १८०° असते. संकष्टीची वद्य चतुर्थी २१६° ते २२८° या दरम्यान येते. चंद्राची गती कमी-जास्त होत असल्याने हे १२ अंश ओलांडण्यास लागणारा वेळ बदलतो, आणि त्यामुळेच तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते. सत्तावीस नक्षत्रांपैकी प्रत्येकाचा विस्तार १३° २०′ असतो.

स्थाननिश्चिती. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, जवळपास तितकेच त्या स्थळाचे अक्षांश असतात. मुंबईत तो सुमारे १९° उंचीवर दिसतो. जयपूरच्या जंतरमंतर वेधशाळेतील सम्राट यंत्राचा उतार त्या शहराच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २७° ठेवलेला आहे.

भूमापन. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन ज्ञात असतील, तर उरलेल्या बाजू गणनेने मिळतात. या तत्त्वावर विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. अंतर दोरीने किंवा साखळीने पुन्हा पुन्हा मोजण्याऐवजी टेकड्या व गोपुरे यांच्यातील कोन थिओडोलाइटने मोजत त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेण्यात आली. प्रत्येक त्रिकोणाच्या मोजलेल्या तीन कोनांची बेरीज १८०° अधिक पृष्ठाच्या गोलाईची वाढ इतकी येते का, हे पाहून मापनातील चूक शोधली जाई. लॅम्टन यांचे निधन १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे झाले; त्यांची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्यात मोजलेला प्रत्येक कोन स्थूल होता. त्रिकोणाच्या नियमावर तपासून घेतल्यामुळेच त्यावर नकाशा उभा राहू शकला.